बरबटीच्या वड्याबरोबर काय प्यावं

गेल्या वर्षीच्या पित्रपक्षात मी साधारण पाऊण तास मेलेलो होतो. थापा मारण्यात माझं नाव आहे, हे मला ठाऊक आहे. पण या वेळी दोन बायका साक्षीला आहेत, आणि त्या दोघींनी याआधी कधीही माझी बाजू घेतलेली नाही.

आमच्या नागपूरकडे बऱ्याच घरांत पितरांच्या तिथीला नुसतं पान वाढून कावळ्याची वाट बघत नाहीत. घराबाहेरचा एक जिवंत माणूस बोलावतात. त्याचे पाय धुतात, कपाळाला गंध लावतात, पाटावर बसवतात, आणि तो जेवून उठेपर्यंत तोच गेलेला माणूस असतो. त्याला पित्तर म्हणतात. पित्तराने उपाशी यायचं. जेवताना बोलायचं नाही, काही मागायचं नाही. शेवटी घरचं माणूस विचारतं, "तृप्त झालात?" त्यावर "झालो" म्हणायचं आणि उठायचं. अख्ख्या विधीत पित्तराच्या वाट्याला एकच शब्द. शाळेच्या नाटकात मला असंच एका शब्दाचं काम मिळालं होतं, द्वारपालाचं, आणि तेव्हाही मी चुकलो होतो. पण ते एकाही परीक्षकाने लक्षात ठेवलं नाही. हे मात्र लक्षात राहील असं झालं.

मी ज्याच्या जागी बसलो तो माझा मित्र. पाटबंधारे खात्यात आमची टेबलं पाठीला पाठ लावून होती. रिटायर झाल्यावर लोक सकाळी फिरायला जातात, भजनाला बसतात, नातवंडं सांभाळतात. आम्ही दोघांनी वाइन धरली. प्यायचो असं म्हणणं जरा धाडसाचं होईल, कारण एका बाटलीचे आम्ही तीन शनिवार करायचो. अभ्यास मात्र दांडगा होता.

त्याची एकुलती एक मुलगी फ्रान्सच्या दक्षिणेला, समुद्राकाठच्या गावात राहते. ती दरवर्षी येताना बापासाठी दोन-तीन बाटल्या आणायची. उंच, हिरवी, बारीक मानेची बाटली. आत पांढरी वाइन, म्हणजे पाण्यावर लिंबाची सावली पडावी इतपत रंगाची. द्राक्षाचं नाव पिकपूल. तिकडचे लोक म्हणे त्याचा अर्थ ओठाला टोचणारं असा सांगतात. टोचायचीच. पहिला घोट हिरव्या लिंबाची साल चावल्यासारखा, आणि मागून जिभेच्या कडांना मीठ. मित्र तिला 'खारी' म्हणायचा. मुलगी सांगायची, तिकडे ही शिंपल्यातल्या कालवांबरोबर पितात. आमची सगळी नोकरी कालव्यांवर गेली, पण कालव मात्र दोघांनीही पाहिलेलं नव्हतं.

मग नागपुरात खारीला जोड कोणती? हा प्रश्न आम्ही मनावर घेतला. बाटली असेल तोवर दर शनिवारी दुपारी बारा वाजता, त्याच्या स्वयंपाकघरातलं लाकडी टेबल, एक पदार्थ, दोन ग्लास आणि खात्यातून आलेली एक कोरी वही. शेरे तो लिहायचा. सावजी रस्स्यापुढे वाइन होती की नव्हती हेच कळलं नाही, तेव्हा त्याने लिहिलं, 'अर्जदार गैरहजर.' तर्री-पोहे, 'नामंजूर.' संत्रा बर्फीबरोबर ती इतकी आंबट झाली की आम्हा दोघांचे डोळे मिटले ते लवकर उघडेनात. तिथे शेरा नाही, नुसती एक रेघ ओढलेली आहे. सांबारवडीला 'फेरसादर करावे' मिळालं. तळलेलं वरचं आवरण, आत कोथिंबीर, वरून खारीचा घोट. काहीतरी जुळत होतं, पण सारणातला लसूण मधेच उठून भांडायचा. भिवापुरी मिरचीचा ठेचा ही माझी सूचना. टोचणाऱ्याला टोचणारंच द्यावं असा माझा सिद्धांत होता. मला दोन तास उचकी लागली. वहीत नोंद आहे, 'सूचना करणाऱ्याची बदली करावी.'

पिण्याआधी तो ग्लास टेबलावर दोनदा टेकवायचा. टक्, टक्. "सही, शिक्का," म्हणायचा आणि मग तोंडाला लावायचा.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, त्या वेळात स्वयंपाकघराबाहेर बसायच्या. त्या नरखेडकडच्या, संत्र्याच्या बागेत वाढलेल्या. बाहेरून त्यांचा आवाज यायचा, "आंबट पाणी प्यायले दोन म्हातारे कसे मांडी ठोकून बसते पाहा. काढा पी म्हटलं तर तोंड वाकडं करते." पण त्यांनी कधी बंद करा म्हटलं नाही. एकदाच काय तो अपवाद, आणि तो मला फार उशिरा कळला.

दोन वर्षांपूर्वी, पित्रपक्षातल्या एका बुधवारी दुपारी त्याचा फोन आला. आवाज दाबलेला.

"भेटलं गा," तो म्हणाला.

"काय भेटलं?"

"खारीची जोड. पक्की. तुले पटणार नाही."

"अबे, सांग ना मग."

"आत्ता नाही. घरात हवामान बरं नाही. शनिवारी ये."

शनिवार उजाडायच्या आत तो गेला. झोपेतच. शनिवारी बारा वाजता मी त्याला खांदा देत होतो.

दुःख व्हायचं ते झालं. ते इथे मांडत नाही. पण एक नीचपणा कबूल करतो. घाटावर बसलो असताना माझ्या डोक्यात दुःखाशेजारी आणखी एक किडा वळवळत होता. काय भेटलं होतं याला? तेरवी झाल्यावर मी निर्लज्जपणे वहिनींकडून वही मागून घेतली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर बुधवारची तारीख होती. 'पदार्थ' या शब्दापुढे काहीच नव्हतं. खाली शेरा मात्र होता, त्याच्या तिरप्या अक्षरात: 'मंजूर.'

त्यानंतर मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं. रिकामं घर मला जमत नाही. सहा-सात महिन्यांनी बायकोने ढकललं म्हणून गेलो. उन्हाळा होता, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. बाहेरच्या खोलीत वहिनींनी चहा दिला. आमचं काहीतरी बोलणं चाललं होतं, कूलरबद्दल असेल, आणि बोलता बोलता त्या थांबल्या. एक बोट वर केलं.

आतून आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक्. काच लाकडावर टेकावी तसा.

"रोज येते," त्या म्हणाल्या. "बाराले."

"मांजर असेल."

"आतलं दार लावलेलं आहे भाऊजी. खिडकीले जाळी आहे."

आता पुरुषमाणूस म्हटल्यावर उठणं आलं. मी कडी काढून आत गेलो. स्वयंपाकघर आवरलेलं, ओटा कोरडा, टेबल पुसलेलं. टेबलावर काही नव्हतं. फक्त मधोमध, ग्लासच्या बुडाएवढं, एक ओलं वर्तुळ. मी त्याच्याकडे बघत उभा होतो तोवर ते कडेने वाळत आत आलं आणि नाहीसं झालं. नाकाला लिंबाच्या सालीचा वास आला. मग तोही गेला.

मी बाहेर येऊन सांगितलं, "मांजरच आहे." ते मांजर बंद खोलीतून गेलं कुठे, हे सांगायचं तेवढं राहिलं. वहिनींनी विचारलंही नाही.

"ते उपाशी आहेत, भाऊजी," त्या म्हणाल्या.

"असं काहून म्हणता?"

"मले माहीत आहे काहून." आणि त्यांनी कप उचलले.

मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं की वहिनींना भास होतात. ओल्या वर्तुळाबद्दल सांगितलं नाही. आपल्याला दिसलं तर डोळ्यांचा दोष आणि दुसऱ्याला ऐकू आलं तर भास, असा माझा सोयीचा न्याय आहे.

जूनमध्ये वहिनी न्हाणीघरात पडल्या. कामवाली येईपर्यंत चार तास ओल्या फरशीवर. हाड मोडलं नाही, पण मुलगी दोन दिवसांत येऊन दाखल झाली, आणि या वेळी आईला घेतल्याशिवाय जायचं नाही असं ठरवूनच आली. कागदपत्रं झाली, तिकीटही काढलं. वहिनी ऐकेनात. मी समोर होतो तेव्हाचंच सांगतो.

"आई, तुला इथे एकटी ठेवून मी तिकडे झोपू कशी?"

"एकटी कुठं आहे मी? ते आहेत इथं."

"बाबा नाहीत गं आता."

"तू बाराच्या वेळेस फोनवर राह्यते. तुले काय माहीत कोण आहे अन् कोण नाही." आणि लगेच, "उपाशी माणूस घरात टाकून मी विमानात बसू? लोकं काय म्हणतील ते सोड. मले घास उतरन का?"

शेवटी माय-लेकींमध्ये एक तह झाला. पित्रपक्षातच त्याची वर्षाची तिथी होती. त्या दिवशी पित्तर जेवू घालायचा. पित्तर तृप्त झालो म्हणाला, तर वहिनी मुलीबरोबर जातील. नाही म्हणाला, तर तिकीट फाडायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी माझ्या घरी आली. सोफ्याच्या कडेवर बसली, चहाला हात लावला नाही.

"काका, तुम्हीच बसा बाबांच्या जागी. आणि फक्त 'झालो' म्हणा. एवढंच करा. ती पुन्हा पडली आणि कामवालीची सुट्टी असली, तर?"

"एकच शब्द आहे ना गं पोरी," मी म्हणालो. "अख्खी नोकरी मी 'झालं, झालं' म्हणत काढली, आणि काहीही झालेलं नसायचं."

माझी बायको आतून म्हणाली, "त्या दिवशी उपाशी जा म्हणजे झालं. तुमचा काही भरवसा नाही."

आता माझ्या मुख्य गाढवपणाकडे येतो. तिथीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी फुलं आणायला म्हणून बाहेर पडलो. फुलवाल्याच्या शेजारी पोह्यांची गाडी असते. गाडीवर तर्री उकळत होती, आणि वास काही परवानगी मागून नाकात शिरत नाही. मी एक प्लेट खाल्ली. मग म्हटलं, उपास मोडलाच आहे तर अर्ध्याने काय फरक पडतो, म्हणून आणखी अर्धी. वरून कच्चा कांदा, जो पित्तराला सात जन्म वर्ज्य. सुपारी चघळत, फुलं घेऊन, मी अगदी निष्पाप चेहऱ्याने साडेअकराला त्यांच्या दारात उभा राहिलो.

भाद्रपदातलं ऊन पांढरं पडलं होतं. मुलीने दार उघडलं आणि माझ्या हाताला हात लावून सोडला, आठवण करून दिल्यासारखा. वहिनी परात घेऊन आल्या. त्यांनी खाली बसून माझे पाय धुतले. मी "वहिनी, अहो" म्हणणार होतो, पण त्यांनी वर पाहिलंच नाही. त्या क्षणापासून शेवटपर्यंत त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. पाहिलं ते खांद्यापर्यंत. मित्राचं उपरणं त्यांनी माझ्या खांद्यावर घातलं, त्याची घडी नीट केली, आणि हळूच म्हणाल्या, "केस कापले नाही तुम्ही. किती वाढले."

मला टक्कल पडून वीस वर्षं झाली आहेत. मित्राचे केस मात्र शेवटपर्यंत मानेवर येत असत.

इतर वेळी मी यावर काहीतरी विनोद केला असता. या वेळी त्यांच्या मागोमाग आत गेलो.

स्वयंपाकघरात, त्याच टेबलाच्या शेजारी, पाट मांडलेला होता. मुलीने पाणी सोडलं, हात जोडले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. वहिनी वाढू लागल्या. वरण-भात, तूप, अळूची पातळ भाजी, गवार, कोहळ्याची भाजी, कढी, तांदळाची खीर. आणि पानाच्या उजव्या कडेला बरबटीचे वडे. चवळीला आम्ही बरबटी म्हणतो. ती भिजवून भरड वाटायची, त्यात आलं, मिरं, जिरं, कोथिंबीर. कांदा-लसूण नाही. आमच्या दोन्ही घरांत हे वडे पितरांच्या पानापुरतेच होतात. एरवी मागितले तर बायका विचारतात, कोण गेलं?

वहिनी वाढताना बोलत होत्या. पित्तराने बोलायचं नसतं. वाढणाऱ्याला बंदी नाही. "अळूत मीठ कमी टाकलं. तुम्हाले चालते तसं." "कढी ऊन आहे, जपून." नवरा ऑफिसला जायच्या घाईत असावा तशा साध्या सुरात. घरात दुसरा कुठलाही आवाज नव्हता. पंखा बंद होता, पितरांचं पान उडू नये म्हणून. बाहेर एक रिक्षा लांबून आली आणि लांब गेली.

मी पहिला वडा मोडला आणि थांबलो.

कडा कुरकुरीत, आतून जरासा रवाळ, मिऱ्याची उशिरा येणारी ऊब. सांबारवडीत जे जे होतं ते सगळं इथे होतं आणि भांडणारा लसूण तेवढा नव्हता. जीभ नुसती वाट बघत होती. आंबट, खारट, थंडगार काहीतरी आता यायला हवं, अशी वाट. आणि मला एकदम कळलं. त्या बुधवारी त्याच्या वडिलांची तिथी होती. त्याच्या पानात हेच वडे होते. वहीत पदार्थ लिहिला नव्हता, कारण पितरांच्या जेवणापुढे वाइनचा शेरा लिहायला त्याचा हात धजला नसेल. 'मंजूर' मात्र लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

या शोधाचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला थंडी वाजली.

तेवढ्यात वहिनींच्या हातातला डाव हवेत थांबलेला मला दिसला. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मीही पाहिलं. मी पाण्याचा स्टीलचा पेला उचलला होता आणि फरशीवर टेकवत होतो. टक्. मी थांबलो असतो. हात थांबला नाही. टक्.

मुलीने भिंतीचा आधार सोडला. वहिनींनी डाव खाली आणला आणि आणखी एक वडा वाढला.

मी खात राहिलो. पाचव्या वड्याला सकाळचे पोहे घशापाशी येऊन उभे राहिले. खिरीला पोटात बोटभर जागा नव्हती, तीही रेटली. घाम सुटला. एवढं गच्च पोट माझं उभ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं, आणि मी काही मिताहारी माणूस नाही. आता फक्त तो एक शब्द, म्हटलं, आणि सुटका. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ न बोलता तोच शब्द म्हणत होते.

वहिनी समोर बसल्या. पदर डोक्यावर ओढला. नजर माझ्या छातीवर, उपरण्याच्या घडीवर.

"तृप्त झालात?"

"नाही," मी म्हणालो.

आवाज माझाच होता. भुताटकीच्या गोष्टीत आवाज बदलतो, घोगरा होतो, तसं काही नाही. हाच, तुम्हाला मी फोन केला तर ऐकू येतो तोच. म्हणूनच मला त्याची अजून भीती वाटते. मी तोंड 'झालो' म्हणायला उघडलं होतं. 'झ'साठी जीभ जिथे लावतात तिथे लावलीही होती.

"काका," मुलगी म्हणाली, अगदी हळू.

मला सावरायचं होतं. "म्हणजे हो" म्हणायचं होतं, नाहीतर मस्करी केली म्हणायचं होतं. माझी ख्याती बघता ते खपलंही असतं. पण वहिनींनी मला वेळ दिला नाही. काय राहिलं, असं त्यांनी विचारलं नाही. त्या उठल्या, कोपऱ्यातल्या तांदळाच्या डब्यामागे हात घातला आणि बाटली काढली. उंच, हिरवी, बारीक मानेची. अर्धी. बूच अर्ध्यावर दाबून बसवलेलं. दुसऱ्या हातात त्याचा ग्लास.

मला ती बाटली ठाऊकच नव्हती. हा माणूस माझ्याशिवाय उघडून बसला होता.

वहिनी खाली बसल्या आणि ग्लास माझ्या पानाशेजारी ठेवला. तो काठोकाठ भरला.

"त्या दिवशी हातातून ओढून घेतला होता मी," त्या म्हणाल्या. मला नाही, उपरण्याला. "मामंजींची तिथी, अन् तुम्ही वडा तोंडात धरून ग्लास भरून बसले. म्हटलं, बापाच्या तिथीले तरी लाज ठेवा. एकच घोट गेला होता पोटात, अन् हातातून घेतला. तुम्ही तसेच अर्ध्या पानावरून उठून गेले. गुरुवारी, शुक्रवारी मी बोलले नाही. म्हटलं, शनिवारी बोलू." त्यांनी पदराने ग्लासच्या कडेवरचा थेंब टिपला. "घ्या आता. कोणी ओढत नाही."

मुलगी तोंडावर हात धरून उभी होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. वर्षभर त्या बाईने हे कोणाजवळ बोललं नव्हतं, आणि रोज बाराला बसून ऐकत होती.

मी वडा मोडला, खाल्ला आणि ग्लास उचलला. आता इथे मला नीट लिहिलं पाहिजे, कारण पुढचं कोणालाच पटत नाही. वाइन थंड होती. बाटली तांदळाच्या डब्यामागे, अख्खा नागपुरी उन्हाळा धरून, वर्षभर होती, आणि वाइन विहिरीच्या तळासारखी थंड होती. आधी हिरव्या लिंबाची साल. मग वड्याचं तेल तिने एका फटक्यात धुऊन नेलं, मिरं मागे राहिलं, बरबटीचा मातकट गोडवा वर आला, आणि शेवटी जिभेच्या दोन्ही कडांना मीठ. मी समुद्र दोनदाच पाहिला आहे, तोही मुंबईचा. पण मला त्या क्षणी वारा लागला. पंखा बंद होता.

मी दुसरा घोट घेतला की नाही, मला आठवत नाही. ग्लास रिकामा होता.

"तृप्त झालात?" वहिनींनी विचारलं.

"झालो."

त्यांनी पानापुढे डोकं टेकलं. मग उठून पंखा लावला, आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, सुपारी देऊ का? पोह्याचा वास येऊन राहिला तुमच्या तोंडाले."

पाट उचलल्यावर मुलीने बाटली नाकाजवळ धरली आणि झटकन लांब केली. एक थेंब बोटावर घेऊन चाखला. ती तिकडच्या वाइनच्या गावात राहते, तिला यातलं कळतं.

"काका, हे व्हिनेगर आहे. नुसतं व्हिनेगर. तुम्ही ग्लासभर कसं प्यायलात?"

मीही चाखलं. कोमट, तळाशी गढूळ, नाकात सुई घुसावी असं आंबट. आम्हाला हे नवीन नव्हतं; पहिल्या वर्षी एक उरलेली बाटली महिन्यात अशीच फिरली होती आणि वहिनींनी तिने तांब्याची भांडी घासली होती. मी मुलीला म्हटलं, "सवय आहे." याहून चांगलं खोटं मला सुचलं नाही.

मी स्वतःला ओळखतो, त्यामुळे दुसरी बाजूही मांडतो. वड्याचा घास तोंडात होता तेव्हा मला खारी हवी होती, हे खरं. हावरट आहे. 'नाही' माझ्या हावरटपणानेच म्हटलं असेल. पेला टेकवला तो वर्षानुवर्षं बघून हाताला लागलेली सवय असेल. बायकोचं असंच म्हणणं आहे. फक्त एक विचारलं की ती उठून आत जाते. बाटली तिथे आहे हे मला माहीत नव्हतं. मग मी मागितलं काय होतं?

दसऱ्यानंतर वहिनी मुलीबरोबर फ्रान्सला गेल्या. निघताना मी आणि बायको घरी गेलो होतो. बारा वाजून गेले. आम्ही चौघंही स्वयंपाकघराकडे तोंड करून उगाच इकडचं तिकडचं बोलत होतो. आतून काही आलं नाही. वहिनींनी कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या बायकोकडे दिली, माझ्याकडे नाही.

यंदा तिथीच्या दिवशी त्यांचा फोन आला. तिकडे पित्तर म्हणून बसवायला कोणी मिळेना. जावई तयार होता, पण त्याला पाटावर मांडी घालता येत नाही. म्हणून त्यांनी वडे करून पान गच्चीवर ठेवलं.

"इथं कावळे दिसत नाहीत, भाऊजी. पांढरे पक्षी आहेत, बदकाएवढे, समुद्रावरचे. मी पान ठेवून मागं सरकली नाही तोच एक आला. बाकी कशाले शिवला नाही. वडा उचलला अन् सरळ पाण्याकडे गेला."

"बरं झालं," मी म्हणालो.

"हो ना. आता घास उतरते मले." मग त्या हसल्या. किती दिवसांनी त्या हसल्या. "तुम्ही बरे आहात ना?"

मी बरा आहे म्हणालो. त्यांना आणखी कशाला काळजी. आमच्या कॉलनीत आता माझं नाव झालं आहे. पित्रपक्ष आला की दोन-तीन घरांतून बोलावणं येतं, हा पित्तर चांगला लागतो म्हणून. मी जात नाही. गुडघ्यांचं कारण सांगतो.

घरी मात्र जेवावं लागतंच. जेवण होत आलं की बायको भांडी आवरता आवरता रोज विचारते, "झालं का तुमचं?" चाळीस वर्षं विचारते आहे. पूर्वी मी पेपरातून मान वर न करता उत्तर द्यायचो. आता लगेच देत नाही. तोंड उघडतो, आणि काय बाहेर येतं ते आधी आपणच ऐकून घेतो.